सर्वांची अक्षरं असलेला शब्द

अमृतनं दसऱ्याला खडेबाजारात साड्यांचं दुकान उघडायचं ठरवलं आणि वडिलांवर फक्त एक काम सोपवलं: दुकानाला नाव शोधायचं. नाव इंग्रजी हवं. सीमाभागात बोर्डावर साठ टक्के जागा कन्नडची, हे सरकारी नियमानं ठरलेलंच होतं. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी नाव घातलं तर एक बाजू नाराज, न घातलं तर दुसरी. इंग्रजीवर मात्र कुणाचाच राग नसतो. शिवाय त्या शब्दात घरातल्या सगळ्यांची पहिली अक्षरं यावीत, अशी सूनबाई सुवर्णाची हौस.

अप्पासाहेबांना ते काम किरकोळ वाटलं. वडगावातल्या विणकर सोसायटीत त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली होती आणि अख्ख्या गल्लीचे इंग्रजी अर्ज तेच लिहून देत. घरात माणसं पाच, पण अक्षरं तीनच. अप्पासाहेब आणि अमृतचा ए, सत्यवतीबाई आणि सुवर्णाचा एस, नात प्रियदर्शनीचा पी. दहा मिनिटांत त्यांनी ‘पॅराडाइज’ काढला. तिन्ही अक्षरं हजर, अर्थ स्वर्ग. पेंटर शामूला फोन केला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण सोसायटीत कुठलाही ठराव हरकती मागवल्याशिवाय कायम होत नसे. अप्पासाहेबांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर नोटीस टाकली: ‘नियोजित नावाबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.’ (तोवर कुणाचीही हरकत नव्हती. ती घेता येते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.)

पहिली हरकत निपाणीहून, सुवर्णाचे वडील नागेंद्र यांची. मुलीच्या माहेराला नावात स्थान नाही, हे पाहून खेद झाल्याचं त्यांनी कळवलं. व्याही पडले. एन घ्यावा लागला.

अप्पासाहेब डिक्शनरी घेऊन बसले. सुवर्णा म्हणत होती की फोनमध्ये अक्षरं घातली की शब्द आपोआप येतात; पण शब्द डिक्शनरीत असतात आणि फोनमध्ये फोटो, असं त्यांचं ठाम मत. पहिला शब्द सुचला तो अर्थातच ‘पेन्शन’. त्यात एस होता, पी होता, एनही होता. फक्त ए नव्हता. पेन्शनमध्ये पेन्शनरालाच जागा नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. मग ‘पॅसेंजर’ सापडला. सत्यवतीबाईंनी विचारलं, बायकांनी साडी घ्यायला यायचं की गाडी पकडायला? ‘स्पॅनर’वर अमृत म्हणाला की कारखान्यांच्या उद्यमबागेत दुकान काढू तेव्हा बघू. शेवटी ‘प्लेझंट’ सापडला, तेवढ्यात येळ्ळूर जागं झालं.

येळ्ळूरला सत्यवतीबाईंचे दोन भाऊ, भावकू आणि रवळू. भावकूचा फोन आला.

“दाजी, निपाणीचा एन घेटलाय म्हणं. मग आमी काय परके हाय व्हय?”

“तसं न्हाय, भावकू.”

“मग बी घाला. आनि रवळूचा आर बी घाला. न्हायतर त्यो दसऱ्याला येत न्हाय म्हणतोय.”

हे कळताच अप्पासाहेबांची बहीण कोकिळाआक्का फोनवर रडली. के वाढला. अक्षरं सात झाली. दसरा नऊ दिवसांवर आला, पेंटर शामू रोज येऊन चहा पिऊन जाऊ लागला आणि अमृतनं वडिलांशी बोलणं कमी केलं. अप्पासाहेब तीन दिवसांत डिक्शनरीच्या एमपर्यंत पोचले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

चौथ्या दिवशी सुवर्णानं न विचारता फोनमध्ये सातही अक्षरं घातली. क्षणात यादी आली. यादी म्हणजे एक आटोपशीर शब्द आणि दोन-तीन लांबडे. अख्ख्या इंग्रजी भाषेनं या सगळ्या नातेवाइकांना मिळून बोर्डावर मावेल असा एकच शब्द राखून ठेवला होता: बँकरप्ट्स. म्हणजे दिवाळखोर, आणि तेही अनेकवचनी.

अप्पासाहेबांना आनंद झाला. हा शब्द पाहून सगळे खजील होतील, आपापली अक्षरं मागं घेतील, असा डाव मनात धरून त्यांनी तो ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत नागेंद्रांचा अंगठा आला. कोकिळाआक्कानं हात जोडले. भावकूनं लिहिलं, ‘आमचा बी पयलाच हाय. लई भारदस्त नाव.’ प्रत्येकानं आपलं अक्षर तपासलं होतं, शब्द कुणीच वाचला नव्हता. ठराव एकमतानं मंजूर. अप्पासाहेबांनी घाईघाईनं अर्थ लिहिला, पण तोवर भावकूनं गावच्या ग्रुपवर कळवून टाकलं होतं: ‘आमचा भाचा अमृत, बँकरप्ट्स, खडेबाजार. सर्वांनी यावे.’

येळ्ळूरचे शिकलेले चारजण अमृतला फोन करून धीर देऊ लागले. संध्याकाळी घरच्या मागाला उधारीवर सूत देणारा व्यापारी सहज म्हणून आला, तब्येतीची चौकशी केली आणि चालू मागाकडं बराच वेळ बघत बसला. अमृत त्याला बसपर्यंत पोचवून आला.

“आप्पा, आता लई झालं,” तो म्हणाला. “मी शामूला नाव देऊन आलोय. सत्यवती सारीज.”

“पण हरकती?”

“आईच्या नावाला हरकत घेणारा घरात कोण हाय, सांगा की.”

ग्रुपवर सगळं शांत झालं. भावकू-रवळूंना बहिणीचं नाव हवंच होतं, नागेंद्रांना विहीणबाईंना दुखवायचं नव्हतं, आणि कोकिळाआक्का तर वहिनीला पूर्वीपासून भीत असे. चार दिवसांत बोर्ड लागला. वर कन्नड, खाली इंग्रजी, दोन्हीकडं सत्यवती.

फक्त अप्पासाहेबांना चैन पडेना. डिक्शनरी त्यांनी वाचली, डोळे त्यांचे गेले, आणि बोर्डावर त्यांचा मागमूस नाही. त्यांनी समास सोडून, विषय आणि संदर्भ लिहून एक पानाची हरकत तयार केली आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकोपुढं धरली. सत्यवतीबाईंनी ती उभ्यानं वाचली, पिठाच्या हातानं पेन घेतलं आणि खाली शेरा मारला: ‘पाहिले. दप्तरी दाखल.’

चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर अप्पासाहेब हेच लिहीत आले होते. त्या अर्जांचं पुढं काय होतं, ते त्यांच्याइतकं वडगावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदाची घडी घालून ते दळणाचा डबा उचलून गिरणीकडं निघाले.