चाकाच्या खुर्चीचा मान

"हे सांगितलं तर तुम्हाला कुणाला पटायचं न्हाई," म्हणत हौसरावांनी बशीतला चहा भुरकन ओढला. शिरूरच्या कचेरीसमोरच्या टपरीवर अशी सुरुवात झाली, की बाकड्यावरची माणसं कामं पुढं ढकलत आणि आणखी एक चहा सांगत.

गोष्ट साधीच होती. नवीन वर्षाचा संकल्प म्हणून कचेरीने दाराशी दिव्यांगांच्या गाडीसाठी एक जागा राखली. पेंटरने तिथं चाकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस रंगवला. उद्घाटनाला सोसायटीचे चेअरमन सोपानराव आले. त्यांनी नारळ फोडला आणि आपली गाडी तिथंच लावली.

शिपाई माऊली हात जोडून म्हणाला, "साहेब, ही जागा राखीव हाय."

"व्हय की! चित्रात काय हाय? खुर्चीवर बसलेला माणूस. त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात? चेअरमन!"

अर्थ बिनतोड होता. दुपारी दौंडकडचे माजी चेअरमन आले. त्यांची खुर्ची गेली होती, बसायची सवय गेली नव्हती. मागोमाग भावी चेअरमन आले. ते खुर्चीत अजून फक्त फ्लेक्सवर बसले होते. तीन गाड्या मावेनात, म्हणून जागा रुंद करण्यात आली. आड येणारा रॅम्प 'अतिक्रमण' ठरवून पाडण्यात आला.

तरी भांडण मिटेना. शेवटी कचेरीच्या साहेबांनी निकाल दिला : जो चाकाच्या खुर्चीतून येईल, त्याचीच जागा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चेअरमन आपल्या हापिसातली फिरती खुर्ची टपावर बांधून आला. ढकलायला कार्यकर्ते होतेच. साहेबांनी स्वतः वाकून तपासणी केली. प्रत्येक खुर्चीला पाच चाकं. सगळे पात्र!

आणि आज सकाळी निमोण्याची सोजरबाई आली. पोलिओने पाय गेलेले, बुडाखाली तीनचाकी स्कूटर. हयातीच्या दाखल्याचा आज शेवटचा दिवस. पाचाच्या आत साहेबांसमोर दिसली नाही, तर ती सरकारदरबारी मयत आणि निराधारचा पगार बंद.

माऊलीने स्कूटर निरखली. "मावशी, तुमची चाकं तीनच. दोन कमी पडत्यात."

"मंग साहेबाला भाईर बोलीव."

"साहेब खुर्ची सोडून कसं येत्याल? चेअरमन लोक टपूनच हाईत!"

बाकडं खदखदून हसलं. हौसरावांनी ओळखलं, आता शेवट गोड पाहिजे. त्यांनी आवाज खाली आणला.

"तवा सोपानराव लाजले बघा. म्हणले, 'चुकलं आमचं.' गाडी काढली. मागनं समद्यांनी काढल्या. आन् सोजरबाई ऐटीत आत गेली!"

कुणीतरी उपरण्याने डोळे टिपले. एवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. तीनचाकीवर खुद्द सोजरबाई होती.

"आबा, पाच चाकांपातूर समदं खरं हाय. पर कुणाला लाज वाटली, ही निव्वळ थाप! मी सकाळधरनं भाईरच हाय. चेअरमन कवाच घरी गेले. आता पाच वाजाया आले, आन् त्या जागंत तुम्हा ऐकणाऱ्यांच्या फटफट्या हाईत!"