शेपटीला जागा हवी

निवृत्तीच्या दिवशीही संग्रहालयातल्या फिटरमामांच्या हातात पाना होता, तो नव्या संचालकांच्या कृपेने. दालनातल्या डायनासोरच्या अजस्र सांगाड्याची शेपूट जमिनीवर लोळते हे घोर अज्ञान आहे, चार वाजता पाहुणे यायच्या आत ती हवेत गेली पाहिजे, असं त्यांचं फर्मान होतं.

"मामा, जुनं शास्त्र मोडीत निघालं. हा प्राणी आळशी नव्हता, चपळ होता!"

"असेल साहेब. आधीच्या साहेबांच्या वेळी दोन पायांवर होता. त्यांच्या आधी चार." मामांनी नट सैल केला. "हाडं मात्र तीच हं. नटबोल्टपण."

तीस वर्षांत मामांनी तो दोनदा सोडवून जोडला होता. जाताना एकदा तो धड उभा दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेपूट सरळ धरली, तर मागच्या भिंतीला भिडली. म्हणून सगळा प्राणी पुढे सरकवला, तर डोकं समोरच्या भिंतीवर आपटलं आणि दोन दात निखळले.

"भिंत पाडू या?"

"पाडा की. पलीकडे तुमचीच केबिन आहे."

घाम पुसत संचालकांनी मापांसाठी जुनी फाईल उघडली आणि मटकन स्टुलावर बसले. पहिल्या संचालकांच्या चित्रात शेपूट चक्क हवेत होती! खाली टीप : 'दालन आखूड, सबब शेपूट खाली सोडली.'

"अहो, ही शेपूट चुकीची आहे हे सिद्ध करण्यात माझी अकरा वर्षं गेली!"

"मला विचारायचं ना," मामा म्हणाले, "मी फुटपट्टी आणली असती."

शेवटी मामांनी दात चिकटवले, शेपूट हवेतच डावीकडे वळवली आणि चारला पाच मिनिटं असताना प्राणी डौलात उभा राहिला. मामांना भरून आलं.

पाहुणे मोठे विद्वान होते. "शेपूट डावीकडे का?"

"वळताना तोल सांभाळायला," संचालकांनी ठोकून दिलं. "अगदी ताजं संशोधन!"

मामांना राहवेना. "खोलीत जागा नव्हती साहेब, म्हणून वळवली."

"अगदी बरोबर!" पाहुण्यांनी त्यांची पाठ थोपटली. "आणि जंगलात तरी जागा कुठे होती? आमच्याकडच्या सांगाड्याची शेपूट सरळच आहे. उद्याच सोडवून वळवायला लावतो."

तिकडच्या त्या न पाहिलेल्या फिटरची मामांना फार कीव आली.