आप्पांची हाक

बोट सुटली आन् माझी पिंकी बोटीत न्हाई! मला वाटलं जावंकडं हाय, जावंला वाटलं माझ्याकडं. मी वरडले, "थांबवा ओ!" तर बोटवाला म्हनतो, "आणि ते टोपीवाले आजोबा कुठे उतरले?"

ते आप्पा. माझं चुलत सासरं. आमच्या वडगाव रासाईत असा तऱ्हेवाईक मानूस दुसरा न्हाई. कुठनंबी निघताना मागं वळून मोठ्यांदा हाक देनार, "चल गं, मागं ऱ्हाऊ नको!" दवाखाना असू दे, लग्नाचा मांडव असू दे. आम्ही समद्या बाया तर म्होरं उभ्या. जाऊ इचारायची, "आप्पा, कुनाला ओ?"

"जिला कळंल तिला."

सहलीला कोकनातल्या ह्या बेटावर आनलं, तर हितं वस्तीच न्हाई. जंगल खात्याचं राखीव, मुक्काम करू देत न्हाईत. लोक तोंडात नळी धरून पान्यात मासं बघाया येत्यात. आप्पांनी नळी फुकून बघितली. "ही तर ठिबकची!" टोपीवरनंच चष्मा चढवला, बुडी मारली, खोकत वर आलं. "लई गर्दी हाय खाली. समदं आपल्याकडंच बघत्यात, कापडं घालून आलो म्हनून."

मी हसून दमले, पोरीमागं पळून त्याच्याहून जास्त. आन् आता ही दशा.

बोट वळवली. वाळूवर आप्पा, कडंवर पिंकी! ती झुडपामागं खेकडं बघत बसलेली. आप्पा हाक द्याया परत उतरलं, तवा ही भायेर आली.

"आप्पा, मलाच बोलवलं ना?"

"तुलाबी. आन् आज्जीलाबी. तिला समुद्र बघायचा व्हता. आनली खरी, पन हितं एकटी कशी ठिवू?"

बोटीत कुनी हसलं न्हाई. चुलत सासूला मी हार घातलेल्या फोटोतच बघितलंय.

आप्पा फळीवर कडंला बसलं, शेजारी एका मानसाची जागा सोडून. तिच्यावर हात ठिवला. बाकी बोट भरलेली. पिंकीला घेऊन मी उभी.

"ताई, बसा ना तिथं," बोटवाला म्हनला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. हळूच हात उचलाया लागलं.

तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं? बसला असता?