बापूरावांचा गोटा

आमच्या गल्लीत सकाळी सकाळी धाडकन आवाज झाला तर कोणी दचकत नाही. बापूरावांनी गच्चीवरून काहीतरी खाली टाकलं, एवढंच समजायचं. खाली अंगणात कन्हान नदीतला एक काळा गोटा ठेवलाय. वस्तू त्यावर आपटते, बापूराव जिना उतरतात, उकिडवं बसून तिला चहूबाजूंनी न्याहाळतात आणि निकाल देतात. आमच्या घरचं एक प्लास्टिकचं टोपलंही असंच नापास झालं. मी तावातावानं विचारायला गेलो तर म्हणाले, "राग नको धरू, भाऊ. गोट्यानं इचारलं, त्याले जवाब देता नाही आला."

बापूरावांची बोरगावकडे संत्र्याची बाग, घर इथे सौंसरात, वय साठीच्या पुढे. अन् या माणसाला कयाक बनवायची होती! भाच्यानं मोबाइलवर दाखवली होती. खडकांतून फेसाळत धावणारं पाणी, त्यात एक निमुळती होडी आणि कमरेपर्यंत तिच्यात बसलेला माणूस. होडी दगडावर आपटायची, गरकन फिरायची आणि पुन्हा निघायची. बाकी सगळे त्या माणसाकडे पाहत होते, बापूराव होडीच्या पोटाकडे. "हे कायचं असन, भाऊ?" एवढंच ते आठवडाभर विचारत होते.

गंमत अशी की बापूरावांना पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की ते डोळे गच्च मिटून घेतात. गणपती बुडवायलासुद्धा दुसऱ्याला पुढे करतात.

पण एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. आधी नदीतून गोटा आणला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली गोणपाट अंथरून, स्वतः शेजारी बसून. एवढ्या मानानं दगड आलेला पाहून गल्लीतल्या बायांना वाटलं, देवच आणला. दुसऱ्या दिवशी बापूराव पत्रा घेऊन गच्चीवर चढले तर खाली गोट्याला शेंदूर, पुढे नारळ, आणि दोन बाया हात जोडून उभ्या. ते वरूनच ओरडले, "सरका वो! देवावर पत्रा आपटता येते काय?" शेवटी त्यांनीच गोटा पालथा घातला, शेंदराची बाजू खाली केली आणि वर माफी मागून पत्रा सोडला.

पत्रा चेपला. बापूरावांनी मान हलवली. "हा जावयासारखा आहे. एकदा रुसला की रुसलाच." मग कूलरवाल्याकडून फायबर आणलं. त्याला बारीक तडा गेला. "हा मानी. वाकनार नाही, तुटन." प्लायवूडचं तर नावच काढू नका. मी म्हटलं, "काका, विकत घ्या ना एखादी." तर माझ्याकडे असं पाहिलं की मी आल्या पावली परतलो.

उत्तर त्यांच्या बागेतच पडलेलं होतं. फवारणीचं औषध कालवायचा निळा प्लास्टिकचा ड्रम. गच्चीवरून पडला, आत दबला आणि टण्णकन पुन्हा जागेवर आला. बापूराव कितीतरी वेळ त्याच्यावर हात फिरवत बसले. "हा समजदार आहे, भाऊ. मार खाते, आत जाते, अन् मनात ठेवत नाही." मग तसले आणखी ड्रम धुऊन, उभे चिरून, तापवून, त्यांच्याच पट्ट्या वितळवून त्यांनी सांधे जोडले. उन्हाळा संपता संपता अंगणात एक निळी कयाक उभी राहिली. ओबडधोबड होती, पण मला खरंच हात जोडावेसे वाटले.

तिला जागा मात्र दोन होत्या. पुढच्या जागेवर कापसाची नवी गादी.

"ही कोणासाठी?" मी विचारलं.

बापूराव म्हणाले, "तुह्या काकूचं माहेर नदीपल्याड. मांगच्या पावसाळ्यात रपटा, तो नदीवरचा ठेंगना पूल, पान्याखाली गेला, अन् तिकडे तिची माय तापानं फनफनून राहिली होती. तुही काकू नदीकाठची पोरगी. पदर खोचला, निंगाली पोहून. म्या मनगट धरलं. पानी उतरेपर्यंत सोडलं नाही."

"बरंच केलं, काका."

"बरंच केलं. म्हातारी वाचली बी. पन तुही काकू जशी माह्याकडे पाहत होती नं, ते अजून दिसते मले." त्यांनी गादी उगाच सारखी केली. "म्हातारी यंदा अजून थकली. पुन्हा तशी येळ आली तं धरून नाही ठेवाचं, भाऊ. संग जायाचं."

पाण्याला भिणारा माणूस उन्हाळाभर यासाठी गच्ची चढत-उतरत होता.

पावसाआधी बंधाऱ्याच्या पाण्यात चाचणी झाली. उन्हाळाभर "याइचं डोस्कं फिरलं" म्हणणाऱ्या शांताकाकू आल्या, पदर खोचला आणि सरळ पुढच्या गादीवर बसल्या. वल्हंही त्यांनीच घेतलं. बापूराव मागे, होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटलेले. काकूंनी कयाक अशी नेली जशी रोजचीच आहे. मध्यावर पाण्यातल्या दगडावर तिची कूस आपटली, धाडकन आवाज आला. काठावरून मला दिसलं, निळं अंग आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं.

"फुटली काय वं?" बापूराव डोळे न उघडताच ओरडले.

काकूंनी वल्हं मांडीवर ठेवलं, मागे हात करून त्यांचं मनगट धरलं.

"नाही फुटली," त्या म्हणाल्या. "मी आहो नं. डोये उघडा आता."