आमचा माणूस निघाला आहे

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कचेरीत बोलण्याचे काम घुम्याकडे असावे, ही गोष्ट मिस्त्रींना कधीच पटली नव्हती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसे तिथे निरोप पाठवत, आणि मिस्त्री पोहोचेपर्यंत त्यांना धीर देण्याचे काम टेबलामागच्या या अबोल तरुणावर असे. समोर माणूस आला की त्याच्या जिभेला कुलूप लागे; पण लिहायला बसला की बंद पोलादी पेटीत घाम पुसणाऱ्या परक्या माणसालाही त्याच्या शब्दांचा आधार वाटे.

"तू समोर येत नाहीस तोवर फार चांगला माणूस आहेस," मिस्त्री म्हणत.

हे निरोप आजवर निरनिराळ्या वाटांनी येत. ग्राहकांची वाट वेगळी, कचेरीची वेगळी, घरची वेगळी. मग साहेबांनी 'एकखिडकी' नावाचा प्रोग्राम घेतला. त्यात सगळ्या वाटा एकाच खिडकीत येऊन मिळत.

"आता कुणाचाही निरोप निसटायचा नाही," साहेब म्हणाले.

"पण साहेब, त्यात माझ्या घरचेसुद्धा..."

"घर काय नि दार काय, सगळं एकत्र. आणि हे बघ, तू जागेवर नसलास की हा आपोआप उत्तर देतो. फक्त एक चांगलं वाक्य लिहून ठेव."

ते एक चांगले वाक्य लिहायला घुम्याने बरेच दिवस घेतले. कोण कुठे, किती अंधारात ते वाचेल, याचा विचार करता करता त्याची झोप उडाली. शेवटी तो अंगणापलीकडच्या गोदामात गेला. तिथे सुट्या भागांच्या खिडकीवर जी मुलगी बसे, तिच्याशी तो दिवसाकाठी एखादे वाक्य बोलू शकत असे, आणि ते बहुधा नटबोल्टांविषयी असे.

"'प्रतीक्षा करा' बरं, की 'थांबा'?" त्याने विचारले.

"कोण अडकलंय?"

"कुणी नाही. अडकेल तेव्हासाठी."

तिने हातातली स्प्रिंग खाली ठेवली. "अडकलेल्या माणसाला प्रतीक्षा कसली करता येते? थांबणंच असतं त्याच्या नशिबी. 'थांबा' लिही."

असे ते वाक्य तयार झाले: 'आपला निरोप मिळाला. घाबरू नका, आपण एकटे नाही. आहात तिथेच थांबा आणि दार स्वतःहून उघडू नका. आमचा माणूस निघाला आहे.' खाली एक चौकोन होता आणि त्यापुढे लिहिले होते, 'सर्वांसाठी'. सगळ्याच ग्राहकांना सारखा धीर मिळावा म्हणून घुम्याने भक्तिभावाने त्या चौकोनात खूण केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलीची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली. तिच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री बाहेर कामावर होते आणि घुम्याच्या छातीत एक वाक्य अडकले होते. संध्याकाळच्या गाडीने ती जाणार होती. ते वाक्य त्याआधी बाहेर पडले नाही तर जन्मभर तिथेच राहील, हे त्याला कळत होते. त्याने नियमाप्रमाणे 'जागेवर नाही' हे बटण दाबले, फोन चार्जिंगला लावला आणि तो गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन बसला. तिथे दोरांचे मोठे चाक मंद फिरत असे. त्या घरघरीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून लाजाळू माणसाने तालीम करायला ती जागा बरी होती.

आणि खाली आईचा निरोप आला: 'येताना दूध आण.'

घाबरू नका, आपण एकटे नाही, असे उत्तर लगोलग गेले.

'म्हणजे? कुठे आहेस तू?'

आहात तिथेच थांबा. दार स्वतःहून उघडू नका.

आईने फोन लावला. तो रिकाम्या खोलीत वाजत राहिला. मग तिने शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाला बोलावले. मामा वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून आणीबाणीच्या शोधातच होते. त्यांनी स्वतः निरोप पाठवला: 'भाच्या, खरं सांग. कुणी कोंडलंय का तुला?' उत्तर वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ताई, पाणी खोल आहे. 'आमचा माणूस निघाला आहे' म्हणतोय. ही भाषा त्याची नाही. कुणीतरी सांगून लिहून घेतलंय."

"पण 'घाबरू नका' पण म्हणतोय ना?"

"घाबरवायचं असतं तेव्हाच तसं म्हणतात. आणि 'एकटे नाही' म्हणजे पाळत आहे आपल्यावर."

आईने उत्तर पुन्हा एकदा वाचले. "मला 'आपण' म्हणाला रे. लहानपणापासून कधी 'अहो आई' म्हणाला नाही. आत अडकलाय तो लिफ्टमध्ये. शुद्ध हरपत चालली असेल."

निघता निघता तिने जावयाला कळवले. भाऊजींनी 'काय झालं, सगळं ठीक ना?' असा निरोप मेहुण्याला धाडला आणि ते मीटिंगला गेले. त्यांच्याही फोनला आपोआप उत्तर देण्याची सोय होती. त्यामुळे 'घाबरू नका' याला 'मी मीटिंगमध्ये आहे, सवडीने बोलू' असे उत्तर आले, त्याला 'आहात तिथेच थांबा' असे गेले, आणि दोन्ही यंत्रे एकमेकांची समजूत काढत बसली. लग्न झाल्यापासून त्या दोघांत एवढे बोलणे झाले नव्हते, आणि इतके सभ्यपणे तर कधीच नाही.

आई आणि मामा कचेरीच्या इमारतीत शिरले तेव्हा लिफ्ट नुकतीच वरून निघाली होती. दारावरचा दिवा लुकलुकत होता. त्याच क्षणी आतून कुणीतरी खोकले.

"आत आहे तो," आई म्हणाली.

मामांनी भिंतीवरची पेटी उघडली. "चालत्या लिफ्टमधून माणूस काढायचा नसतो. आधी वीज बंद करायची." आणि खात्याच्या जुन्या सवयीने त्यांनी मुख्य बटण खाली ओढले.

आत साहेब होते. निरोपसमारंभाची भेट म्हणून आणलेले भिंतीवरचे घड्याळ घेऊन ते गोदामाकडे निघाले होते. अंधार झाला, लिफ्ट थांबली, घड्याळ मात्र कुशीत टिकटिकत राहिले. साहेबांनी शांतपणे फोन काढला आणि स्वतःच्याच कंपनीकडे तक्रार नोंदवली. उत्तर ताबडतोब आले. वाक्य निर्दोष होते. त्यांनीच ते मंजूर केले होते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा कळवले. पुन्हा तेच वाक्य आले. मग ते घड्याळ मांडीवर घेऊन जमिनीवर बसले.

वर चाक थांबले. अचानक पसरलेल्या शांततेत घुम्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानी पडला, आणि तालमीतले अर्धे वाक्य तिथेच टाकून तो जिन्याने धावत खाली आला. पायथ्याशी आईने त्याला मिठी मारली.

"तू बाहेर कसा आलास?"

"मी आत नव्हतोच, आई."

आईने मामांकडे पाहिले. मामांनी लिफ्टकडे पाहिले. बंद दारामागून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"मग आत कोण आहे?" मामांनी अगदी हळू आवाजात विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता बटण वर केले.

लिफ्ट खाली आली. साहेब बाहेर पडले. कपडे झटकून त्यांनी घड्याळ घुम्याच्या हाती दिले.

"तुझं उत्तर मिळालं."

"साहेब, मी..."

"बरेचदा मिळालं. पहिल्या खेपेला धीर आला, हे कबूल करतो. पण नंतर त्या माणसाविषयी शंका येऊ लागली." एवढे बोलून ते जिन्याने वर गेले.

घुम्याने चार्जिंगचा फोन काढून एकखिडकी उघडली तेव्हा भाऊजींचा संवाद अजून चालूच होता. तो सारत सारत मागे जाताना, आईच्या दुधाच्या आणि मामांच्या चौकशीच्या गर्दीत, त्याला एक निरोप सापडला. 'मी निघतेय. जायच्या आधी तुला काही सांगायचं होतं का? नसेल तर राहू दे.' आणि त्याखाली, त्याच्याच नावाने, मिस्त्रींच्या पान्यासारखे थंड आणि चोख, ते वाक्य उभे होते. त्याला वाटले, आयुष्यभर आपण परक्यांना धीर देत आलो, आणि जिथे स्वतः बोलायचे होते तिथे यंत्र बोलून मोकळे झाले.

गाडीची वेळ एव्हाना टळली होती. तरीही घड्याळ द्यायचे होते, एवढे निमित्त धरून तो अंगण ओलांडून गोदामाकडे गेला. पत्ता तरी विचारता येईल, पाठवून देता येईल.

सुट्या भागांच्या खिडकीत दिवा होता. जाळीच्या दारामागे ती स्टुलावर बसली होती. पायाशी बॅग, मांडीवर हात.

"गाडी?" तो कसाबसा म्हणाला.

"गेली. तक्रार कुठे नोंदवायची?"

"तो निरोप... तो मी लिहिला नव्हता. म्हणजे, लिहिला होता, पण..."

"माहीत आहे. त्यातला 'थांबा' माझा आहे." तिने पायाशी असलेली बॅग बाजूला सरकवली. "मशीनने पाठवलंय हे कळलं होतं मला. पण म्हटलं, वाक्य तुझं आहे. तू कधी खोटं लिहीत नाहीस. माणूस निघालाय म्हणतोस, तर बघू येतो का."

घुम्याने तोंड उघडले. वर तालीम केलेले वाक्य शोधले. ते कुठेच नव्हते. खिशातला फोन थरथरला. भाऊजी मीटिंगमध्ये होते आणि सवडीने बोलणार होते.

"इतका वेळ आत का बसलीस?" एवढेच त्याला विचारता आले.

"दार स्वतःहून उघडू नका, असंही लिहिलं होतंस."

कडी बाहेरच्या बाजूला होती, पण जाळीतून तिचाही हात सहज पोहोचला असता. घुम्याने घड्याळ जमिनीवर ठेवले आणि ती काढली.