पुस्तकाचा पोटभाडेकरू

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातील कथा-कादंबरी विभाग गेल्या वर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला गेला. वाचक वाळवी होती. सभासदांपैकी कुणी इतक्या चिकाटीने तो विभाग वाचल्याचे ऐकिवात नसल्यामुळे कार्यकारिणीने वाळवीबद्दल तीव्र नापसंती आणि थोडासा आदर व्यक्त केला, आणि यापुढे पुस्तके विकत न घेता मोबाइलवर भाड्याने घ्यावीत, असा ठराव एकमताने मंजूर केला. चिटणीस या नात्याने ठराव मी लिहिला. तो चांगला उतरला होता.

चूक झाली ती एका शब्दाची. ‘भाड्याने’ हा शब्द आमच्या गावात जपून उच्चारावा लागतो. शिळफाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचे गाव. शेती कारखान्यांना गेली आणि उरलेल्या तुकड्यांवर लोकांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. इथले मूल आई म्हणायच्या आधी डिपॉझिट म्हणते. वाचनालयाचे अध्यक्ष जगदीशशेठ यांच्या चाळी तर हायवेपासून ओढ्यापर्यंत पसरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढा त्यांना विचारून फुगतो.

योजना समजावून सांगायला कार्यकारिणी सदस्य हिरामणदादांची सून सुरभी आली होती. ती एका कंपनीत संगणकावर काम करते.

“पुस्तक पंधरवडाभर तुमच्या मोबाइलमध्ये राहतं,” ती म्हणाली, “आणि मुदत संपली की आपोआप निघून जातं.”

जगदीशशेठ खुर्चीत पुढे सरकले. “आपोआप?”

“हो काका.”

“नोटीस न देता? भांडण नाय, कोर्टकचेरी नाय?”

“काहीच नाही.”

“माझ्या उभ्या जन्मात आपनहून गेलेला भाडेकरू मी बगितला नाय गं,” शेठ म्हणाले.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग हिरामणदादांनी हात वर केला.

“मला येक सांगा. ऱ्हानार कोन? पुस्तक. कुठं? आपल्या मोबाइलात. मोबाइल कुनाचा? आपला. म्हंजे मालक आपून आन भाडेकरू ते. मग भाडं आपून का भरायचं?”

सुरभीने समजावण्याचा प्रयत्न केला, पण तिच्या म्हणण्याचा अर्थ असा निघत होता की, भाडेकरू आम्ही आहोत. कार्यकारिणीला हा आपल्या सात पिढ्यांचा अपमान वाटला. अखेर मधला मार्ग निघाला. पुस्तके पुरवणाऱ्या कंपनीला जे द्यायचे त्याला ‘देखभाल खर्च’ म्हणावे, पुस्तकाला भाडेकरू मानावे आणि गावात राहायला येणाऱ्या कोणत्याही परक्या इसमाला लागू असलेले नियम त्यालाही लावावेत, असे ठरले. हा ठरावही मीच लिहिला. पहिल्यापेक्षा सरस झाला.

पण योजनेतले पहिले पुस्तक त्याआधीच गावात शिरले होते. ते आनंदीबाईंच्या मोबाइलमध्ये राहत होते.

आनंदीबाई देवळामागे एकट्या राहतात. उतारवयामुळे त्यांना लांबचे सगळे दिसते; हायवेवरून कुणाचा टेंपो गेला ते त्या दारातून सांगतात. जवळची अक्षरे मात्र दिसत नाहीत, म्हणून त्यांचे वाचन सुटले होते. सुरभीने त्यांना मोबाइलवर अक्षर मोठे करायला शिकवले. एका वेळी पडद्यावर दोनच शब्द मावत, पण बाई खुशीत होत्या. बोट सरकवत सरकवत त्यांनी जवळजवळ अख्खी कादंबरी संपवली. ती चंद्रा नावाच्या बाईची गोष्ट होती. नवरा काही न सांगता निघून गेलेला असतो आणि चंद्रा वर्षानुवर्षे घराच्या लाल दरवाज्याला कडी लावत नाही. मुखपृष्ठावर तोच लाल दरवाजा होता.

शेवटचे प्रकरण उरले आणि मुदत संपली. पुस्तक शब्द दिल्याप्रमाणे आपोआप निघून गेले.

आनंदीबाई सरळ वाचनालयात आल्या. “त्यो येतो का नाय, तेवडं सांगा. मग मी जाते.”

पुस्तकाची निवड आम्ही एकमताने केली होती. वाचण्याचा प्रश्न तेव्हा विषयपत्रिकेवर नव्हता.

“परत घ्या की, आजी,” सुरभी म्हणाली. पण योजनेत पुस्तकाची एकच प्रत होती, आणि ती नव्या ठरावाप्रमाणे पडताळणीसाठी अध्यक्षांच्या मोबाइलवर गेली होती. मोबाइलमधल्या पुस्तकाची एकच प्रत कशी असते, हे मी सुरभीला विचारले. तिने दोनदा समजावले. दोन्ही वेळा मी मान हलवली.

पडताळणी जगदीशशेठ स्वतः करत होते.

“आत मान्सं किती?”

“पात्रं म्हणताय का? पुष्कळ आहेत,” सुरभी म्हणाली.

“येका खोलीत चारच. जास्तीची कुठं ठेवतात?”

“काका, ती गोष्टीतली आहेत.”

“समदे तसंच सांगतात. दारू कोन पितं?”

“चंद्राचा दीर पितो.”

“बगितलं? आन लिवनाऱ्याचं आधार कार्ड?”

“लेखिका वारल्या आहेत.”

“म्हंजे वारसाचा घोळ हायच.” शेठनी मोबाइल पालथा ठेवला. “शिवाय पंधरवड्याचा भाडेकरू मी ठेवत नाय. करार अकरा महिन्यांचा.”

वाचनालयाचे मुख्य खाते अध्यक्षांच्या नावावर असल्यामुळे मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्याची सोय त्यांना होती. त्याप्रमाणे मुदतवाढीचे बटण दाबले गेले. शेजारी ‘परत करा’ असेही एक बटण होते. पण मुदतीआधी खोली रिकामी करून दिली की चाळीत चुकीचा पायंडा पडतो.

आनंदीबाई रोज शेठच्या दारात येऊ लागल्या. “शेठ, घटकाभर मोबाइल द्या. हितंच बसून वाचते.”

“मोबाइल दिला म्हंजे तुमी पोटभाडेकरू झालात, मावशी. पोटभाडेकरू ठेवायचा नाय, हा माझ्या बापाचा नियम हाय.”

“मग तुमीच वाचून दावा.”

“त्येबी त्यातच आलं.”

शेठ वाईट माणूस नाहीत. देवळाच्या कळसाला त्यांनी हात सैल सोडला होता, आजाऱ्याला गाडीत घालून ते कर्जतला नेतात. पण नियम म्हणजे नियम. मी मध्यस्थी म्हणून आनंदीबाईंना म्हटले, “अहो, गोष्टच ती. शेवट कुठला तरी असणारच की.”

बाई माझ्याकडे वळल्या. “चिटणीस, माझा मानूस टँकरवर किलीनर म्हनून गेला त्यो गेला. कुठं बसलाय, कुनाजवळ बसलाय, कायबी कळलं नाय. माझं तर कळनार नाय. हिचं तरी कळू दे.”

मला फार वाईट वाटले. त्या दिवशी मी कसलाही ठराव लिहिला नाही.

तोडगा शेवटी हिरामणदादांनी काढला. चाळीत एका खोलीतला टीव्ही शेजारच्या खोलीत ऐकू येतो. त्याला पोटभाडे कुणी म्हणत नाही. तेव्हा अध्यक्षांनी आपल्या घरात, आपल्यापुरते, पण जरा मोठ्याने वाचावे. ओट्यावर कुणी बसले असेल तर तो भिंतीचा दोष. शेठना हे कायद्यात बसणारे वाटले.

ठरल्या दिवशी ओटा भरून गेला. आनंदीबाई खिडकीशी बसल्या. शेठनी घसा खाकरला आणि ते वाचू लागले. सुरुवातीला भाडेपावती वाचावी तसे वाचत होते. पण लाल दरवाज्याबाहेर पावले वाजली, चंद्रा चुलीपुढून उठली, आणि शेठचा आवाज खाली आला. दाराशी तोच उभा होता. चंद्राने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली—

“म्हणाली,” शेठ म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “म्हणाली.” मग त्यांनी मोबाइल झटकला.

पडद्यावर नम्र भाषेतला एक निरोप होता. प्रकाशकाने कंपनीला दिलेले हक्क संपल्यामुळे हे पुस्तक यापुढे उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

“म्हंजे पुस्तक कंपनीचं नव्हतं?” शेठनी विचारले.

“कंपनीने प्रकाशकाकडून मुदतीवर घेतलं होतं,” सुरभी म्हणाली.

“म्हंजे कंपनी भाडेकरू. मग तिच्याकडनं घेनारा मी कोन?”

चाळींचा मालक स्वतःच्याच घरात, आरामखुर्चीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदा पोटभाडेकरू झाला होता.

“शेठ,” खिडकीतून आनंदीबाई म्हणाल्या, “त्यो लाल दरवाजा तुमच्या कपाटात काय करतो?”

सगळ्यांनी वळून पाहिले. भिंतीतल्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकचा ताजमहाल आणि क्रिकेटची ढाल यांच्यामध्ये, चकचकीत वेष्टनात तीच कादंबरी उभी होती. मला एकदम आठवले. वाचनालयाने हीच कादंबरी एके काळी सवलतीत गठ्ठ्याने घेतली होती, आणि गावात ज्याच्या ज्याच्या घराची वास्तुशांत होई त्याला शाल, नारळ आणि तिची एक प्रत असा सत्कार होत असे. गावात वास्तुशांत कुणाची झालेली नव्हती? ओट्यावरच्या प्रत्येकाच्या घरात लाल दरवाजा होता. फक्त देवळामागच्या घराला कधी वास्तुशांत घडली नव्हती.

शेठनी वेष्टन फाडले. अक्षर बारीक होते, म्हणून बाईंना जवळ बसवून त्यांनीच वाचले. या वेळी भिंतीच्या आत.

चंद्रा म्हणाली, “ओसरी मोकळी आहे, राहा. पण घर आता माझं आहे.”

आनंदीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “झ्याक केलं बाईनं,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. शेठनी दबक्या आवाजात विचारले, “करार केला असंल का तिनं?” पण तेही नाक पुसत होते.

त्या दिवसापासून शेठना एका गोष्टीने घेरले आहे. भाडेकरूला बारा वर्षे विचारले नाही की जागेवर त्याचा हक्क लागतो, अशी आमच्या गावाची पक्की समजूत आहे. लाल दरवाजा तर कपाटात त्याहून जुना. ते रोज काच उघडून पुस्तकातल्या एकेकाची चौकशी करतात, आणि चौकशी करायची म्हणजे वाचावेच लागते.

तुमच्याकडेही असे एक कपाट असेलच. त्यातल्यांकडे भाडे मागू नका, त्यांना घालवूही नका. पण मालक म्हणवता, तर एकदा दार वाजवून आत कोण राहते एवढे तरी बघून घ्या.