हाय! लाइन हाय!

टीव्हीवर कार्यक्रम सुरू झाला की दौलततात्या टीव्ही बंद करत. तेव्हा कार्यक्रमाआधी पडद्यावर तो गोल, रेघा, काळेपांढरे चौकोन यायचे ना, आणि मागं एकसुरी 'कूंऽऽ' वाजत राहायचं, तेवढंच ते बघत. तेही टोपी घालून, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून, खुर्चीत ताठ बसून.

मी पलूसचा. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. साताऱ्यात नोकरी लागली तेव्हा तात्यांच्या शेजारची खोली घेतली. गल्लीत टीव्ही एकच, तात्यांचा. मुंबईच्या मुलानं पाठवलेला. कौलांवर हा उंच ॲन्टेना. पहिल्या दिवशी सगळी गल्ली चटया घेऊन आली. गोल गेला, बाई नमस्कार करायला आली, आणि तात्यांनी कान पिळावा तसं बटण पिळलं.

"आवं तात्या, आत्ता कुठं सुरू झालं!" समोरच्या हौसाकाकू ओरडल्या.

"ती बाई आपलीच बोलत सुटती. आपल्याला काय इचारतीया व्हय? जावा घरला."

गल्लीनं तात्यांना येडं ठरवलं. चटया पुन्हा आल्या नाहीत.

मी मात्र एका संध्याकाळी जाऊन बसलो. 'कूंऽऽ' सुरू झालं तसे तात्या खणखणीत ओरडले, "हाय! लाइन हाय!" माझ्या हातातला चहा सांडला.

तात्या फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते. "तिकडनं आवाज आला की हिकडनं जबाब द्यायचा," ते म्हणाले. "न्हाई दिला तर समजायचं, तार तरी तुटली, न्हाईतर माणूस तरी गेला."

मी पदार्थविज्ञान शिकलेला. म्हणालो, "तात्या, हा यंत्राचा आवाज. तुमचा जबाब तिकडं पोचत नाही."

"कॉलेजात शिकिवलं?"

"हो."

"मग बराबर आसंल." त्यांनी गोलाकडं बोट केलं. "पर गड्या, यंत्र तर यंत्र. रोज इचारतं तरी, दौलत, हायस का?"

टीव्ही पाठवल्यापासून मुलगा स्वतः आला नव्हता.

पुढं चैत्रातल्या वावटळीनं ॲन्टेना आडवा केला. दुरुस्त करणारा आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. एका संध्याकाळी कचेरीतून परतताना तात्यांचं दार अर्धवट उघडं दिसलं. काळ्या पडद्यासमोर तात्या बसलेले. टोपी घातलेली. बटणं गळ्यापर्यंत.

मी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. कोणी नव्हतं. मग मी, घराण्यातला पहिला बी.एस्सी., उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि दम पुरेल तेवढं केलं, "कूंऽऽऽ."

आत खुर्ची करकरली.

"सूर लय खाली लागलाय, ग्रॅज्युएट."

मग घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि नेहमीपेक्षा बराच हळू, "हाय. लाइन हाय."